वाळीत टाकलेल्यांच्या शेजारी

प्रिय सई,

काल गाडीत तू विचारलंस, "आई, वाळीत टाकणं म्हणजे काय? आपले लोक खरंच असं करायचे?" तुझ्या वर्गातल्या नव्या मुलीशी कोणी बोलायचं नाही असं मुलींनी ठरवलंय. जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर कोणी बसत नाही, आणि तू बसलीस म्हणून आता तुलाही ग्रुपमधून काढायची धमकी आलीय. हे तू आजीला फोनवर सांगितलंस तेव्हा ती लगेच म्हणाली, "वाळीतच टाकलंय की पोरीला." मी उत्तर देणार तेवढ्यात शाळा आली. म्हणून लिहितेय.

हो, आपले लोक असं करायचे. गावातले जातीचे पंच ठरवायचे की अमक्या घराशी रोटीबेटी बंद. मग त्यांच्याकडे कोणी जेवायला जायचं नाही, त्यांना कोणी पंक्तीला बोलवायचं नाही, त्यांच्या मुलांची लग्नं जुळायची नाहीत. भटजी पूजेला यायचे नाहीत, न्हावी यायचा नाही. घरात कोणी वारलं तर खांदा द्यायला चार माणसं मिळायची नाहीत. पेरणीपासून मयतापर्यंत सगळं एकमेकांच्या हातांवर चालायचं, त्यामुळे ही शिक्षा फार भयंकर होती. मोठी माणसं "लोक काय म्हणतील" म्हणतात ना, त्याच्या मुळाशी ही भीती आहे. तुला त्या वाक्याचा राग येतो. येऊ दे. पण आजी तसं म्हणाली तर तिच्यावर चिडू नकोस. तिच्या लहानपणी त्यांच्या आळीतल्या एका घराशी असाच व्यवहार बंद झाला होता आणि त्या घरातली मुलगी तिच्या वर्गात होती. तिलाच विचार, ती सांगेल.

एक गोष्ट मात्र यातून निसटू नये. वाळीत टाकलेल्या माणसाला दंड भरून, प्रायश्चित्त घेऊन परत जातीत येता यायचं. ज्यांना अस्पृश्य म्हणून जन्मापासूनच बाहेर ठेवलं होतं त्यांना ती वाटही नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना आणि हजारो माणसांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. आपण पोळलो एवढंच सांगायचं आणि आपण कोणाला पोळवलं ते सांगायचं नाही, हे मला पटत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू गाडीतून उतरताना विचारलास: मग ती माणसं काय करायची?

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणजे त्या काळी धर्म बुडाला. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. एका कपभर चहासाठी! रानडे तेव्हा न्यायाधीश होते, सुधारकांचे पुढारी होते, त्यांना कोणाची भीती असायचं कारण नव्हतं. तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपल्या मित्रांच्या घरच्या माणसांना होणारा त्रास थांबावा, हे त्यामागचं कारण होतं. बाकीच्या सुधारकांनी त्यांना खूप बोल लावले.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, कोकणातलं मुरुड हे त्यांचं गाव. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला: ते ज्या बैठकीत असतील तिथे कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्यांनाही तीच शिक्षा. कर्व्यांनी भांडण केलं नाही, माफीही मागितली नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, नंतर तो हिंगण्याच्या माळावर नेला, आणि १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ उभं केलं.

माझं मन कर्व्यांकडे ओढतं, हे तुला उघड सांगते. पण रानड्यांना भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांनी प्रायश्चित्त घेतलं आणि विधवाविवाहाची, मुलींच्या शिक्षणाची बाजू पुढेही सोडली नाही. आपलं म्हणून काय जपायचं हे ज्याला माहीत आहे, तो एखाद्या ठिकाणी वाकला तरी हरवत नाही.

मुरुडच्या ठरावाकडे नीट बघ. कर्व्यांना शिक्षा देऊन गावाचं भागलं नाही, त्यांच्या शेजारी बसणाऱ्यालाही धमकावावं लागलं. कारण एक जरी माणूस जाऊन बसला तरी बहिष्काराला भोक पडतं. तुझ्या वर्गातल्या मुलींना हे कोणी शिकवलेलं नाही, तरी त्यांनी नेमकं तेच केलंय. तुला आलेली धमकी त्यासाठीच आहे.

महाराष्ट्रात आता यावर कायदा आहे. २०१६ साली तो झाला आणि २०१७ पासून लागू आहे. कोणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. असा कायदा एकविसाव्या शतकात करावा लागला, याचा अर्थ गावकी आणि जातपंचायती अजून हे करत होत्या. म्हणून "पूर्वी असं असायचं" एवढं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही.

तुझ्याबद्दल सांगायचं तर, तुला भीती वाटतेय ते बरोबर आहे. त्या ग्रुपमधल्या दोघीजणी तुझ्या पहिलीपासूनच्या मैत्रिणी आहेत, त्या तुटतील या विचाराने पोटात गोळा येणारच. त्यांच्याशी तू बोलणं सोडू नकोस. भाषण देऊ नकोस, कोणाला लाजवू नकोस. व्हॉलीबॉलला जातेस तशी जात राहा. त्यांच्यासारखे केस बांधायचे असतील तर बांध, त्यांची गाणी आवडत असतील तर ऐक, त्यात काही बिघडत नाही. पण कोणाशी बोलायचं आणि कोणाशेजारी बसायचं, हे तू कोणालाही ठरवू देऊ नकोस. मलासुद्धा नाही. एखाद्या दिवशी नाहीच धीर झाला तर दुसऱ्या टेबलावर बस आणि दुसऱ्या दिवशी परत जा. आणि ग्रुपमध्ये त्या मुलीबद्दल काही वाईट लिहून आलं तर ते मला दाखव. तिथून पुढे शाळेशी बोलणं हे माझं काम, त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

शनिवारी तिला घरी जेवायला बोलाव. तिच्या आईचा नंबर आण, मी फोन करते. बाबा थालीपीठं लावतो म्हणालाय. तिला तिखट किती चालतं आणि शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारून ठेव, म्हणजे दाण्याची चटणी करायची की नुसतं लोणी-दही ठेवायचं ते ठरवता येईल.

तुझी,
आई