मायक्रो चालतं, मॅक्रो का नाही चालत?

प्रश्न: एका अमेरिकन क्रिएशनिस्टाची (सगळे जीव देवानेच घडवले असं मानणाऱ्याची) डिबेट ऐकली. तो म्हणतो मायक्रोइव्होल्यूशन, म्हणजे छोटी उत्क्रांती, आम्हाला मान्यच आहे, जंतू औषधाला दाद देईनासे होतात, पक्ष्यांच्या चोची लहानमोठ्या होतात, पण मॅक्रो, म्हणजे एका प्रजातीतून दुसरी झालेली, कोणी बघितलीये का? समोरचे प्रोफेसर म्हणाले, दोन्ही एकच, मॅक्रोला फक्त वेळ जास्त लागतो. मला ते काही पटलं नाही. खरंच एकच आहे का?

उत्तर: प्रोफेसरांनी जरा घाई केली. मायक्रो-मॅक्रो हे शब्द शास्त्रज्ञांचेच आहेत, १९२७ मध्ये युरी फिलिपचेंको या रशियन शास्त्रज्ञाने मांडलेले, आणि त्यांना स्वतःला मॅक्रोमागे काहीतरी वेगळंच कारण असावं असं वाटायचं. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या डोबझान्स्की या शास्त्रज्ञाने पुढे उलटी बाजू घेतली, की दोन्हीमागचं कारण एकच. एका प्रजातीच्या आत जीन्सचं प्रमाण पिढ्यानपिढ्या बदलतं ते मायक्रो. नवीन प्रजाती होणं, अख्खे गट पसरणं किंवा नामशेष होणं हे मॅक्रो. म्युटेशन (जीन्समधले बदल), नॅचरल सिलेक्शन (नैसर्गिक निवड) दोन्हीकडे तेच, पण वरच्या पातळीवर आणखीही काही घडतं, म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला, पक्षी सोडून बाकी डायनोसॉर गेले आणि सस्तन प्राण्यांना रान मोकळं झालं, हे नुसत्या जीन्सच्या हिशोबातून निघत नाही. यावर शास्त्रज्ञ आपसात कडाकडा भांडतात, पण ते भांडण वेगाचं आणि पातळीचं आहे, उत्क्रांती झाली की नाही याचं नाही.

आता, कोणी बघितलीये का? हो, बघितलीये. ट्रॅगोपोगॉन नावाच्या रानफुलाच्या ३ प्रजाती युरोपातून अमेरिकेत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात शेजारी-शेजारी वाढायला लागल्या. त्यांचा संकर व्हायचा पण ती झाडं जवळजवळ वांझ. मग त्यातल्या काहींचे क्रोमोसोम (गुणसूत्रं) दुप्पट झाले, १२ चे २४, आणि ही झाडं आपसात मस्त बी धरायला लागली, पण आईबापांच्या प्रजातींशी त्यांचं जमेना. १९५० मध्ये मॅरियन ओनबी या वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा २ नवीन प्रजातींची नोंद केली. काही दशकांतलं काम! (प्राण्यांत हा शॉर्टकट क्वचित चालतो, वनस्पतींत सर्रास.)

हे सांगितलं की क्रिएशनिस्टांचं उत्तर ठरलेलं असतं, "पण शेवटी फूलच राहिलं ना!" म्हणजे आधी सीमा प्रजातीवर होती, ती गुपचूप सरकली 'काइंड'वर, म्हणजे बायबलप्रमाणे देवाने घडवलेल्या मूळ प्रकारावर, आणि काइंड म्हणजे नक्की काय ते मोजायची पट्टी कोणाकडेच नाही. खरी गंमत इथे आहे. अमेरिकेतल्या केंटकीत २०१६ मध्ये नोहाची, म्हणजे बायबलमधल्या प्रलयात प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्याची, भलीमोठी लाकडी नौका उभारलीये, आर्क एन्काउंटर, ती उभारणारे म्हणतात की नौकेत सगळ्या प्रजाती नव्हत्या, साधारण १,४०० काइंडच होते. कारण उघड आहे, सगळे मावणार कसे? मग सिंह, वाघ, चित्ता, घरातली मांजर हे सगळं एकाच मूळ जोडीतून, तेही त्यांच्याच हिशोबाने प्रलयानंतरच्या जेमतेम ४,३०० वर्षांत! मांजरकुळात आज ४० च्या आसपास प्रजाती आहेत. मांजरांसारख्या प्राण्यांत इतक्या वेगाने एवढ्या प्रजाती होतात असं म्हणायची हिंमत कुठल्याही उत्क्रांतीवाल्याची नाही, आणि हे लोक त्याला मायक्रो म्हणून मोकळे होतात.

डीएनएवरून बघितलं तर सिंह आणि मांजर यांचे पूर्वज साधारण १ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, माणूस आणि चिंपांझी यांचे साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे जवळचं नातं कोणाचं ते बघा. तरी सिंह-मांजर एक काइंड आणि माणूस-चिंपांझी दोन. मायक्रोला नेमकं कुठे पोचल्यावर थांबायचं हे जीन्समधली कुठली गोष्ट ठरवते, हे मात्र त्या बाजूने अजून कोणी दाखवलेलं नाही.