वारा हे अवजार होतं का?

प्रश्न असा : ‘रशियन “व्येतेर” म्हणजे वारा. तो संस्कृत “वात”वरूनच तिकडे गेला ना? आणि त्याच्या मूळ रूपाआधी ती चांदणी (*) का छापतात?’

नाही, गेला नाही. महिन्याआड कुणीतरी एखादा युरोपीय शब्द आपल्या घरातून पळवल्याची फिर्याद घेऊन येतंच. रशियन, पोलिश वगैरे स्लाव भाषांच्या घराण्यातलं मूळ रूप ‘वेत्रु’, शेवटचा उ अगदी निसटता. पोलिश व्यात्र, चेक वीत्र, सर्बियन वेतर ही त्याचीच पोरं. त्यातला ‘वे’ बघा. दोघांच्या सामाईक पूर्वज भाषेतला दीर्घ ए संस्कृतात आ झाला, स्लावमध्ये तसा झाला नाही. आता या ‘वे’चा जन्म ‘वा’तून कसा लावणार? ‘वात’ त्याचा बाप नव्हे, चुलतभाऊ.

धातू एकच, संस्कृत ‘वाति’ म्हणजे ‘वाहतो’ यातला. गंमत आहे ती शेपटीत. लॅटिन वेंतुस, इंग्रजी विंड म्हणजे नुसता ‘वाहणारा’. स्लावांनी मात्र ‘त्र’ लावला. खनित्र, दात्र, पात्र यांतला. खणायचं, कापायचं, प्यायचं साधन. मग वारा कशाचं साधन? इथे पंडित ‘प्रत्यय’ एवढं पुटपुटून पान उलटतात. साधनवाचक शब्द नपुंसकलिंगी असतात आणि हा पुल्लिंगी, असं कुणी म्हणेल. मग ‘मंत्र’ कोण हो? मननाचं साधन, तरी पुल्लिंगीच.

माझं मत सांगतो, पटो न पटो. रशियनमध्ये ‘व्येयत्’ म्हणजे वाऱ्याचं वाहणं, आणि धान्य उफणणंही. खळ्यावर कधी उभे राहिलायत? वारा पडला की पाटी खाली ठेवून माणूस नुसता बसून राहतो. झुळूक आली की उठतो, पाटी उंच धरून हलवतो. दाणे पायाशी, भूस लांब. विळा जसा अवजार, तसाच त्याला वारा.

फास्मर यांच्या रशियन व्युत्पत्तिकोशात लिथुआनियन ‘वेत्रा’ शेजारी मांडला आहे. त्याचा अर्थ वादळ. वादळात कोण उफणतं, असं मला ऐकवलं जातं. पण लिथुआनियनात साध्या वाऱ्याला ‘वेयस’ हा निराळा शब्द आहे, म्हणून ‘वेत्रा’च्या वाट्याला वादळ आलं असणार. लिथुआनियनची बहीण असलेल्या, आता मेलेल्या जुन्या प्रशियन भाषेत ‘वेत्रो’ म्हणजे वाराच, साधा!

हां, चांदणी. लेखी न सापडलेलं, अनुमानाने उभं केलेलं रूप, एवढाच तिचा अर्थ. इथे ती नावापुरतीच. जुन्या चर्च स्लावोनिकमध्ये, म्हणजे सर्वात आधी लिहिल्या गेलेल्या स्लाव भाषेत, शब्द जवळजवळ तसाच लिहिलेला सापडतो.