तेल सांडत नाही, तरी ट्रॉली बसते!

प्रश्न : माझ्या टिपिंग ट्रॉलीला एकच पाइप असलेला जॅक आहे. मुरूम भरून वर उचलली की लिव्हर मधोमध असतानाही दहा मिनिटांत आपोआप खाली येते. बाहेर तेलाचा थेंब नाही. गॅरेजवाल्याने दोनदा सील किट बदललं, आता नवा जॅक घ्या म्हणतो. घ्यावा का?
– एक शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : नका घेऊ, दादा. तुमच्या पत्रातलं 'थेंब नाही' हेच वाक्य मी दोनदा वाचलं. एका पाइपचा जॅक तेलाने वर जातो आणि ट्रॉलीच्या वजनाने खाली येतो. त्याचं सील गेलं तर तेल ग्लँडमधून, म्हणजे रॉड बाहेर येतो त्या तोंडातून, रॉडवर ओघळतं, नाहीतर वरच्या हवेच्या भोकातून बाहेर येतं. म्हणजे ते दिसणारच. दिसत नाही, याचा अर्थ आल्या वाटेने ट्रॅक्टरच्या टाकीत परत जातंय. दोष लिव्हरने चालणाऱ्या, तेल अडवणाऱ्या व्हॉल्व्हचा, मार खातोय जॅक. मीही उमेदवारीत असाच एक चांगला जॅक तीनदा खोलला होता. मालक भला, पैसे दिले.

खात्री करायची तर ट्रॉली खाली असताना जॅकला पाइप जोडतो तिथे हाय प्रेशरचा कॉक बसवून घ्या. साधा पाण्याचा कॉक चालणार नाही. १० सेंटिमीटर व्यासाच्या जॅकमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब असेल, तर तो पावणेबारा टन रेटतो. मग अर्धा भार उचला, चेसिसवर लोखंडी टेकू उभा करा आणि वर दोन बोटं फट ठेवा. लाकडाचा ओंडका नको. टेकू असला तरी हौद्याखाली डोकं घालू नका, कॉक बाजूने फिरवा. कॉक बंद केल्यावर ट्रॉली जागची हलली नाही, तर जॅक निर्दोष.

आता व्हॉल्व्हचं. बहुतेक वेळा त्याच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो. दोनदा जॅक उघडला तेव्हा आतून चिंधीने पुसला होता का, विचारा. चिंधीचा एक दोरा पुरतो. ट्रॉली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही जोडत असाल, तर त्याच्या टाकीतला गाळ तुमच्याकडे येतो. व्हॉल्व्ह खोलून धुऊन घ्या, तेल आणि फिल्टर बदला. तरीही बसली तर स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा, झिजलाय. तो घासून भागत नाही, व्हॉल्व्हच बदलावा लागतो. तोही जॅकपेक्षा स्वस्तच पडेल.

आणि पाइपला कुठे पाझर वाटला तर बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढी धार कातडीत शिरते, वरून टोचल्यासारखंच दिसतं. तसं झालं तर घरी हळद लावत न बसता लगेच दवाखाना गाठा.

कॉक बंद असतानाही ट्रॉली बसली, तर मात्र मी चुकलो. रॉड पुसून नख आडवं फिरवा. कुठे अडकतंय ते बघून मला कळवा.