खांदा धर

प्रिय बेटा,

तुझा मेसेज तीनदा वाचला. "मॅडम, पुढे गेलेल्या दोघींपेक्षा माझं टायमिंग चांगलं होतं, मग मी पाचवी काऊन आली? पंधराशे मीटरला जाऊ का?"

नको. आठशे मीटरच्या शर्यतीत जी गर्दी तुला बाहेर निघू देत नव्हती, ती पंधराशेत आणखी असते. तिथे लेनच नसतात. बारा-बारा जणी एका वक्ररेषेवरून सुटतात आणि पहिलं वळण येईपर्यंत शंभर मीटर नुसती कोपरं लागतात. घर बदलून शेजारी सुटत नाही.

व्हिडिओत बघ. शेवटच्या फेरीची बेल वाजते तेव्हा तू तिसरी आहेस, आतल्या रेघेला चिकटलेली. पुढे एक, उजवीकडे एक, मागे दोन. पायात दम आहे, पण जायला जागा नाही. तुझी आठशेची २:०८ वेळ ही मुलांच्या मागे धावून आलेली. मुलं सरळ ओढून नेतात, कुणी वाट अडवत नाही. चॅम्पियनशिपमध्ये असा वेग धरून पुढे नेणारा पेसर नसतो. तिथे पहिली लॅप रेंगाळते आणि टायमिंगवाली मुलगी गोंधळते. यात तुझी चूक कमी, आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त. आम्ही तुमच्या हाती घड्याळ दिलं, जागा धरायला शिकवलंच नाही.

म्हणून एकच सांगते: खांदा धर. सगळ्यात पुढे असलेलीच्या उजव्या खांद्यामागे अर्धं पाऊल. तिच्या पाठीशी नाही, खांद्याशी. तिथून तुला हवं तेव्हा निघता येतं आणि तुला ओलांडायचं तर दुसरीला दुसऱ्या लेनमधून यावं लागतं.

तू म्हणशील, वळणावर एक मीटर बाहेरून धावलं की ३.१४ मीटर जास्त पडतात, हे तुम्हीच शिकवलं. शिकवलं, आणि तू ते फारच मनावर घेतलंस! खांद्याशी धावताना तू पाऊणएक मीटरच बाहेर असतेस. वळणाला सव्वादोन मीटरांहून थोडं जास्त, म्हणजे तुझ्या वेगाने सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तेवढं जाऊ दे. कोंडीत दोनदा पाय आवरावा लागला, तो हिशोब कर.

लेन सुटताना घाई करतेस, तीही थांबव. आठशेत पहिलं वळण आपापल्या लेनमध्येच धावायचं, ते संपल्यावर हिरवी रेघ लागते, तिच्यानंतरच आत यायचं. बाहेरची लेन मिळाली तर रेघ ओलांडताच आत झेप घ्यायची नाही. समोरचं वळण जिथे सुरू होतं तिथे नजर ठेवून पूर्ण सरळ भागात तिरकं ये. त्यात अर्धा मीटरही वाया जात नाही. वीस मीटरात आत घुसलीस की रस्ता वाढतो आणि बुटाचा खिळा, स्पाइक, कुणाच्या तरी पोटरीत जातो.

तरीही कोंडली गेलीस तर ढकलायचं नाही, बाद होशील. सरळ भागावर अर्धं पाऊल सैल सोड, बाजूची पुढे सरकू दे आणि तिच्या मागून बाहेर निघ. वळणावर हा उद्योग करू नकोस. आणि शेवटचा हल्ला ५१५ ते ६०० मीटरच्या सरळ भागात. सहाशेला पोहोचण्याआधी खांदा धरलेला हवा. साडेसहाशेला जागी झालीस तर सगळं वळण बाहेरून मारावं लागेल.

सराव असा: सहा जणी, ३०० मीटर पाच वेळा, प्रत्येकी ४८ सेकंद, मध्ये तीन मिनिटं. दर वेळी एकीला मुद्दाम कोंडायचं. दीडशेला शिट्टी वाजली की तिने बाहेर पडून खांदा गाठायचा. लोक म्हणतात मॅडम हट्टी आहेत, मुलींना घड्याळ बघू देत नाहीत. म्हणू देत.

कॉल रूमचीही, म्हणजे शर्यतीआधी धावपटूंना बसवतात त्या खोलीचीही, सवय नाही तुला. इथल्या स्पर्धांत वॉर्मअप झाला की थेट लायनीवर. मोठ्या स्पर्धांत आधी वीस-पंचवीस मिनिटं बसवतात, फोनही जवळ ठेवू देत नाहीत. म्हणून सरावात घड्याळ लावून धावतेस त्या टाइम ट्रायलआधी वॉर्मअप करून पंचवीस मिनिटं खुर्चीवर बसायचं, मग दोन स्ट्राइड, म्हणजे छोट्या वेगवान धावा, आणि सुटायचं. नागपूरच्या मे महिन्यात अंग आपोआप तापतं. २०२४ ची वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा पेरूमधल्या लिमात ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा तिथे हिवाळा होता. गार हवेत दहा मिनिटं जास्त जॉगिंग लागतं.

स्टार्ट लिस्ट हाती आली की आधी बघ, हीटमधून, म्हणजे प्राथमिक फेरीतून, नंबरावर थेट किती जणी पुढे जाणार आणि टायमिंगवर किती. थेट जागांसाठीच धाव.

बाकीचं थोडक्यात. बुटाचा सोल २० मिलिमीटरपेक्षा जाड नको, नवे स्पाइक शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घे. तीन महिने पाळी आली नसेल तर "धावल्यामुळे होतं" म्हणून गप्प बसू नकोस, डॉक्टरकडे जा. पोट अर्धं ठेवून धावणाऱ्या मुलींची हाडं आधी तुटतात. शर्यतीच्या सकाळी तर्री-पोहे नाहीत. तर्री शर्यतीनंतर, पाहिजे तेवढी.

रविवारी साडेपाचला मानकापूरच्या ट्रॅकवर ये. बाकी पाच जणींना मी सांगितलंय. पहिल्यांदा तुलाच कोंडणार आहेत. घड्याळ घरी ठेवून ये.

तुझी,
मॅडम