पिंजऱ्यात एकटीच, तरी अंडी कशी?

प्रश्न : आमच्याकडे पिवळी लव्हबर्ड आहे, दीड वर्षाची, एकटीच. जोडी नाही, तरी मागच्या आठवड्यात तिने मडक्यात तीन अंडी घातली! मुलगी रोज शाळेतून आली की विचारते पिल्लं कधी येणार. सासूबाई म्हणतात अंडी काढून टाका. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी नावाचं बघू. दुकानात ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून देतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. चोचीच्या वर नाकाशी निळं असेल तर नर, तपकिरी खरबरीत असेल तर अंड्यावर आलेली मादी, तुमचीचं बघा तसंच असणार. आणि नर नसताना अंडी यात नवल काही नाही, पोल्ट्रीतली कोंबडी रोज हेच करते की. त्यातून पिल्लू मात्र येणार नाही, मुलीला आत्ताच सांगून टाका, उगाच वाट बघत बसेल बिचारी.

सासूबाईंचं ऐकू नका, निदान आत्ता तरी. अंडी काढली की ती भरपाई म्हणून परत घालते. मी पहिल्यांदा हीच चूक केली, रोज एक उचलायचो, आणि ती घालतच राहिली, शेवटी पार गळून गेली. 30-35 ग्रॅमचा जीव, त्यातून दोन-दोन ग्रॅमची अंडी आणि कवचाचं कॅल्शियम तिच्याच हाडांतून जातं हो. तर बसू दे तिला, एक दिवसाआड अजून एक-दोन घालेल, मग तीन आठवड्यांत कंटाळून आपणच उठेल, तेव्हा अंडी आणि मडकं दोन्ही काढा. मडकं परत लावायचं नाही! मडकं दिसलं की त्यांना वाटतं संसार मांडायचा. आरसा असेल तर तोही काढा, आणि पाठीवरून हात फिरवत असाल तर ते बंद, लाड फक्त डोक्याचे. संध्याकाळी लवकर झाकून रोज 12 तास अंधार द्या, टीव्हीच्या खोलीत पिंजरा असेल तर हे जमणारच नाही, जागा बदला.

खाण्यात नुसतं राळं-बाजरी देत असाल तर ते पुरत नाही. समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड, कॅल्शियमसाठी) टांगा, सोबत कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, सगळं नीट धुऊन. पहिले चार दिवस तोंड लावणार नाही, तरी ठेवत राहा. सकाळचं कोवळं ऊन थेट हवं, खिडकीच्या काचेतून आलेल्याचा उपयोग नाही, आणि अर्धा पिंजरा सावलीत राहू दे. अव्होकॅडो, चॉकलेट अजिबात नाही, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापून धुरावला तर त्या धुराने पक्षी मिनिटांत जातो, म्हणून पिंजरा किचनजवळ नको.

एकच गोष्ट घाबरायची. ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाला बसली, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होतेय, जोर लावतेय पण अंडं येत नाही, तर ते अडकलंय. पोट दाबू नका, तेल-बिल घालू नका, एका बाजूने बल्बची ऊब द्या (तिला दूर सरकता आलं पाहिजे) आणि पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे लगेच न्या, सकाळपर्यंत थांबायचं नाही. गाय-म्हैस बघणारे डॉक्टर कितीही चांगले असले तरी आधी फोन करून विचारा पक्षी बघता का, ही चौकशी आजच करून ठेवा.

प्रश्न : झाडाखाली पोपटाचं पिल्लू सापडलं, घरी ठेवलंय, वरणभात खातं. बोलायला कधी लागेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, दादा, हौस म्हणूनही चालत नाही. वरणभात बंद करा, खोक्यात उबेला ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन लावा. बोलायला शिकवत बसू नका, माणसाळलं की परत सोडणं अवघड जातं.