वयापेक्षा मोठे दिसता म्हणून लोक काका-आजोबा म्हणतात आणि घरचे हसतात, तेव्हा तुम्ही काय करता?

तुम्ही लिहिलंय की वय २९ आहे, केस पिकलेत, सोसायटीचा वॉचमनपण काका म्हणतो आणि त्यावर घरचे हसतात त्याचा जास्त राग येतो. भाऊ, काका म्हणजे काहीच नाही. मी ४६ चा आहे आणि मला सर्रास आजोबा म्हणतात, काका तर मी पहिली नोकरी लागायच्या आधीच झालो होतो.

आमच्यात हे वडिलांकडून आलंय. वडील, चुलते सगळे तिशीत पांढरे. केसांच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात त्या लवकर रिटायर होतात, बाकी काही नाही. (तरी तुम्ही एकदा बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासून घ्या, त्यात गडबड असली तरी केस लवकर पिकतात.) डाय मीपण लावून बघितला, कपाळाला इतकी खाज सुटली की बायको म्हणाली, असू दे, खाजवणाऱ्या तरुणापेक्षा गप बसलेला म्हातारा बरा.

खरी मजा एसटीत. आम्ही सातारा-स्वारगेट सगळे मिळून निघालो की कंडक्टरचा हिशोब बघण्यासारखा असतो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे आई, बायको, मुलगी तिघी अर्ध्यात. मुलगा दहाचा, बारापर्यंत मुलांना अर्धं, तोही अर्ध्यात. अख्ख्या घरात फुल तिकीट एकट्या मला आणि सगळ्यात सवलतीचा दिसतो मीच. त्यात ६५ च्या वर अर्धं आणि ७५ च्या वर फुकट असं आहे, त्यामुळे एक कंडक्टर माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणाला, "आजोबा, पासष्टात बसता का पंच्याहत्तरात?" मी तोंड उघडायच्या आत मुलगी, "बाबा, पंच्याहत्तर म्हणा ना, फुकट आहे!" आता ती बाबा म्हणाली म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा असा झाला की मीच त्याची समजूत घातली. तेव्हापासून घरात कुठलंही बिल आलं, हॉटेल असो का लाइटचं, की पोरं विचारतात, पासष्ट का पंच्याहत्तर?

लोकांची चूक सुधारायला मी सहसा जात नाही. सुधारलं की ते "नाही नाही, तसं नाही, तब्येत छान ठेवलीय हो तुम्ही" सुरू करतात, ते आजोबापेक्षा वाईट. फक्त एक गोष्ट आमच्याकडे चालत नाही. एका दुकानात बायकोला विचारलं होतं, "सासरेबुवांना बसायला खुर्ची देऊ का?" पोरं फुटली हसून, पण तिला ते लागलं, का ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो किस्सा तिच्यासमोर कोणी काढत नाही. बाकी सगळं चालतं.

आईचं उलट आहे. सत्तरी ओलांडली तरी तिचे केस बऱ्यापैकी काळे, डाय न लावता. वडिलांची फॅमिली पेन्शन तिला मिळते म्हणून नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत मी घेऊन जातो. तिथल्या मॅडमनी मशीन माझ्यापुढे सरकवलं, "आजोबा, अंगठा इथे ठेवा, आणि आजी तुम्ही जरा बाजूला बसा." आई म्हणते, "अहो पेन्शन माझी आहे, हा माझा धाकटा." रिक्षात बसल्या बसल्या तिने मावशीला फोन लावला, "अगं मला हयात धरेनात, पोराचाच दाखला काढायला निघाले होते!" त्या महिन्यात घरी जो येईल त्याला चहाच्या आधी हे ऐकावं लागलं.

घरचे हसतात त्याचं म्हणाल तर मला राग येत नाही, कारण हसण्यात मीपण असतो आणि पाळी काही माझी एकट्याचीच येते असं नाही. आमचा दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, डाय त्याला मानवतो, नियमित लावतो. कराडकडे एका लग्नात मुलीकडच्यांनी थोरल्यांना मानाचे फेटे बांधले, त्यात मला हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं आणि दादाला पोरासोरांत टॉवेल-टोपी. वर एका पाहुण्याने त्याला सांगितलं, "वडिलांच्या पाया पडून घ्या." मी आशीर्वाद द्यायला हात वर केलासुद्धा. वहिनी हसून हसून खाली बसली. दादा मात्र अजून फुगलाय, आणि पुढच्या लग्नाच्या आधी महिनाभर डाय बंद ठेवणार असं म्हणतोय.