प्रश्न तुमचे, उत्तरं माझी : फोनचं कुलूप उघडावं का?

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. कंपनीने फोनच्या सॉफ्टवेअरला घातलेली बंधनं काढायची का, आणि काढायची तर कशी? म्हणून या महिन्याचं सदर याच विषयाला दिलं आहे.

ताई, माझ्याकडे २०१७ साली घेतलेला रेडमी नोट ४ आहे. बॅटरी बदलून घेतली, स्क्रीन उत्तम आहे, पण अपडेट कधीच बंद झाले आणि काही ॲप ‘तुमच्या फोनवर चालणार नाही’ म्हणतात. मुलगी सातवीत आहे. तिला वाचायला, पाढे-कविता रेकॉर्ड करायला हा फोन द्यावा असं वाटतं. भाचा म्हणतो, ‘मामा, कस्टम रॉम टाका.’ टाकू का? फोन मरेल का?
— एक शिक्षक, गडहिंग्लज

टाका. कुलूप उघडायला याहून योग्य फोन नाही. वॉरंटी केव्हाच संपली आहे, फोनवर तुमचे पैशांचे व्यवहार नाहीत, आणि यंत्र अजून ठणठणीत आहे. स्नॅपड्रॅगन ६२५ हा प्रोसेसर फार तापत नाही आणि वाचन-रेकॉर्डिंगला आजही पुरतो. असा फोन केवळ अपडेट थांबले म्हणून भंगारात जावा, हे मला मनापासून पटत नाही.

आता भाचा म्हणतो ते नेमकं काय, ते सांगते. फोन सुरू होताना सर्वांत आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. पुढे जे सॉफ्टवेअर सुरू होणार आहे त्यावर कंपनीची सही आहे का, हे तो तपासतो. सही नसेल तर पुढे जाऊ देत नाही. हेच ते कुलूप. ते उघडलं की कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी दुसरं बसवता येतं, त्याला कस्टम रॉम म्हणतात. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. त्याच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल (यंत्राशी बोलणारा गाभा) जीपीएल या खुल्या परवान्याखाली येतो, त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला त्या फोनच्या कर्नलचा कोड जाहीर करावा लागतो. जगभरचे हौशी प्रोग्रामर या कोडवरून जुन्या फोनसाठी नवी अँड्रॉइड तयार करतात. यातला सर्वांत मोठा प्रकल्प लिनीएजओएस. आधीचा सायनोजेनमॉड डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला तेव्हा त्याच मंडळींनी तो या नावाने पुढे चालू ठेवला. तुमच्या फोनला या प्रकल्पाने अधिकृत साथ दिलेली आहे.

एक गोष्ट भाच्याला ठासून सांगा. रेडमी नोट ४ नावाचे दोन वेगळे फोन होते. भारतात विकला गेला तो स्नॅपड्रॅगनवाला. त्याचं सांकेतिक नाव ‘मिडो’. मीडियाटेकवाला ‘निकेल’. फाइल उतरवताना बाहेरचं नाव पाहू नका, सांकेतिक नाव पाहा. फोन लोगोवर अडकून बसतात त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं, की नावं सारखी दिसली म्हणून भलतीच फाइल टाकली.

रीत अशी. फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपचं जे हवं ते आधी संगणकावर उतरवून घ्या, कारण कुलूप उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. हे मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. नाहीतर फोन चोरणाराही कुलूप उघडून तुमचे फोटो पाहू शकला असता. त्यानंतर फोनमधून गुगल खातं काढा. ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन मीयूआयच्या (रेडमी बनवणाऱ्या शाओमीच्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीवर सात वेळा बोट मारलं की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायचं, फोन शाओमीच्या मी-खात्याशी जोडायचा आणि कंपनीचा अनलॉक प्रोग्राम विंडोज संगणकावर चालवायचा. या कंपनीत परवानगीसाठी काही दिवस थांबवून ठेवतात, बहुतेकदा आठवडाभर. थांबा. ‘लगेच उघडून देतो, पाचशे द्या’ म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात खातं आणि पासवर्ड देऊ नका.

त्यानंतर रिकव्हरी, म्हणजे रॉम टाकण्यासाठीचा छोटा प्रोग्राम, बसवायची आणि तिच्यातून रॉम टाकायची. प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलच्या ॲपची पुडकी रॉमबरोबरच, फोन पहिल्यांदा सुरू करण्याआधी टाकावी लागते. मुलीच्या फोनसाठी माझा सल्ला वेगळा आहे. गुगल टाकूच नका. एफ-ड्रॉइड नावाच्या स्टोअरमधून पुस्तक वाचायचं, आवाज रेकॉर्ड करायचं आणि शब्दकोशाचं ॲप घ्या. जाहिराती नाहीत, खातं नाही, आणि रात्री अकराला रील पाहत बसण्याचा प्रश्नही बराच सुटतो.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. जिओचं सिम टाकणार असाल तर त्या रॉममध्ये व्होल्टे (४जी वरून बोलणं) चालतं का ते त्या फोनच्या पानावर आधी पाहा. जिओचे कॉल व्होल्टेवरच चालतात, त्यामुळे ते नसेल तर इंटरनेट येईल पण फोन लागणार नाही. आणि केबल चांगली वापरा, बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा, वीज जाण्याच्या वेळेला हे काम काढू नका. एवढं पाळलं तर फोन सहसा मरत नाही. लोगोवर अडकला तरी फास्टबूट मोड (संगणकावरून सॉफ्टवेअर टाकायची अवस्था) उघडत असेल तर तो परत आणता येतो.

मी फोन रूट केला. आता बँकेचं ॲप उघडतच नाही, यूपीआयही बंद. मित्र म्हणतो मॅजिस्क वापरून रूट लपवता येतं. लपवू का?
— वाचक, डोंबिवली

नको. हा रोजचा, पैशांचा फोन आहे, म्हणून मी एवढी ठाम आहे.

रूट करणं म्हणजे फोनच्या पूर्ण सिस्टिमवरचा सर्वाधिकार घेणं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला लिनक्सचा वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो. त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याचा खासगी डेटा वाचता येत नाही. रूट मिळालेल्या ॲपला ही भिंतच उरत नाही. तुम्ही थीम बदलायला एखाद्या ॲपला रूटची परवानगी दिलीत, तर ते बँकेच्या ॲपचा कप्पाही उघडू शकतं. बँक त्याच भीतीने दार लावून घेते.

मॅजिस्क हे साधन जॉन वू या तरुणाने २०१६ मध्ये आणलं. ते सिस्टिमचा भाग न बदलता रूट देतं, हे त्याचं कौशल्य, आणि त्यात रूट लपवायची सोयही होती. २०२१ मध्ये वू गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षा गटात गेला आणि त्यानंतरच्या आवृत्तीतून ती सोय काढली गेली. तेव्हापासून रूट लपवणारी, इतरांनी लिहिलेली मॉड्यूल (मॅजिस्कला जोडायचे तुकडे) येतात, काही आठवडे चालतात आणि बंद पडतात. गुगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणी आता प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्याला विचारते की बूटलोडर उघडा आहे का. तिथलं उत्तर ॲपच्या पातळीवर खोटं पाडणं फार अवघड आहे. म्हणजे महिन्याच्या एक तारखेला घरभाडं पाठवायला जाल आणि नेमकं तेव्हाच ॲप नकार देईल. शिवाय ती मॉड्यूल कुणी लिहिली हे माहीत नसताना त्यांना पूर्ण फोनचा ताबा द्यायचा, तोही पैशांच्या फोनवर. हे मला मान्य नाही.

मागे फिरायचं तर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर पूर्ण टाकून मग बूटलोडर पुन्हा बंद करा. क्रम चुकवू नका. फोनमध्ये थोडं जरी बदललेलं सॉफ्टवेअर असताना कुलूप लावलंत तर सही जुळणार नाही आणि फोन सुरूच होणार नाही. मूळ सॉफ्टवेअर तुमच्या मॉडेलचं, भारतातलं आणि सध्याच्या आवृत्तीहून जुनं नसलेलं घ्या. २०१८ मध्ये शाओमीने रेडमी नोट ५ प्रोला जुन्या आवृत्तीकडे परतू न देणारं संरक्षण घातलं, तेव्हा नेहमीच्या सवयीने जुनं सॉफ्टवेअर टाकणाऱ्या पुष्कळ लोकांचे फोन गेले. तुमचा फोन सॅमसंगचा असेल तर एक गोष्ट मात्र परत येणार नाही. त्यात नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज असतो. बाहेरचं सॉफ्टवेअर चढलं की तो कायमचा उडतो आणि सिक्युअर फोल्डर (खासगी फाइलचा कुलूपबंद कप्पा) पुन्हा चालत नाही.

मावशी, मला दादाचा जुना आयफोन ८ मिळालाय. जेलब्रेक करून मस्त थीम टाकायच्यात. करू ना?
— बारावीची विद्यार्थिनी, नाशिक

तुझ्या फोनचं जेलब्रेक होतं, म्हणजे ॲपलने घातलेली बंधनं तोडता येतात, हे खरं आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ‘चेकमेट’ नावाची फट जाहीर झाली. ती प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेल्या कोडमध्ये आहे, त्यामुळे ॲपलला ती अपडेट पाठवून बुजवता येत नाही. आयफोन ४एस पासून आयफोन १० पर्यंतचे फोन तिच्यात येतात. पण आयफोन ८ आणि १० वर, आयओएसच्या अलीकडच्या आवृत्तीत, जेलब्रेक चालू ठेवायचं तर पासकोड ठेवता येत नाही. म्हणजे कॉलेजमध्ये बाकावर विसरलेला फोन कुणीही उघडेल. शिवाय फोन बंद होऊन सुरू झाला की जेलब्रेक जातं, पुन्हा संगणकाला लावावं लागतं.

एवढ्या थीमसाठी नको करूस. एके काळी जेलब्रेक करणाऱ्यांनी जे हट्टाने मिळवलं, त्यातलं पुष्कळ आता ॲपलच देतं. वायफाय-ब्लूटूथची बटणं एका ठिकाणी हवीत म्हणून लोक जेलब्रेक करून ‘एसबीसेटिंग्ज’ टाकायचे. २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर कंट्रोल सेंटर आलं. होम स्क्रीनवरची विजेट २०२० मध्ये आली. तुझ्या फोनवर शॉर्टकट्स ॲपने चिन्हं बदलता येतात, तिथून सुरुवात कर.

बाबांच्या फोनमध्ये न मागितलेली ॲप भरली आहेत. पत्त्यांचे खेळ, कर्जाच्या जाहिराती. ते घाबरून काहीही दाबतात. यासाठी रूट करावं लागेल का?
— वाचक, परभणी

नाही, आणि हे मी मोठ्याने सांगू इच्छिते. कुलपाला हात न लावता, बँकेचं ॲप चालू ठेवून हे काम होतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करा, संगणकावर एडीबी नावाचं गुगलचं छोटं साधन घ्या आणि नको ती ॲप ‘युझर झिरो’साठी, म्हणजे फोनच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, काढण्याची आज्ञा द्या. ॲप मूळ कप्प्यात झोपून राहतं, बाबांना दिसत नाही, जाहिरातही पाठवत नाही. फॅक्टरी रीसेट केलं की सगळं परत येतं, त्यामुळे भीती कमी.

एकेक करून काढा, दर वेळी फोन बंद करून सुरू करून पाहा. शाओमीच्या फोनमधलं ‘फाइंड डिव्हाइस’ काढू नका, फोन सुरू होताना अडकतो. काम झालं की यूएसबी डिबगिंग बंद करायला विसरू नका. आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असेल तर तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाका. बऱ्याचशा जाहिराती तिथेच थांबतात.

तुम्ही स्वतः या भानगडीत का पडलात? कंपनीने विचार करूनच बंधनं घातली असतील ना?
— वाचक, चिपळूण

मराठीसाठी पडले. २०१०-११ च्या सुमारास हातात आलेल्या अँड्रॉइड फोनवर मराठी उघडलं की चौकोनच चौकोन दिसायचे. फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाकून जोडाक्षरांच्या लिप्या चित्रासारख्या दाखवायचा पर्याय होता. बातम्या वाचायला तो कित्येकांनी वापरला असेल. पण संदेशांत, संपर्कांत, बाकी सगळीकडे चौकोन तसेच. मग फोन रूट करून सिस्टिमच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट ठेवायचा. तेव्हा अक्षरं दिसायची, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची, कारण अक्षरं जुळवणारं यंत्रच आत नव्हतं. मग कुणीतरी तेही बसवलेली रॉम तयार करायचं. अँड्रॉइड ४ च्या सुमारास देवनागरी नीट दिसू लागली, आणि फोनचे मेनू मराठीत आले ते २०१४ च्या अखेरीस, अँड्रॉइड ५ मध्ये.

बंधनांमागे विचार असतो, सुरक्षेचा तर नक्कीच, तो वर सांगितला आहे. पण त्या काळी आपण आपल्या भाषेत वाचू इच्छितो याचा विचार त्यात नव्हता. किल्ली ग्राहकाकडे होती म्हणून लोकांनी वाट न पाहता मार्ग काढला. आता किल्ली देणाऱ्या कंपन्या कमी होत चालल्या आहेत. फोन घेताना कॅमेऱ्याबरोबर हाही प्रश्न विचारा, की याचं बूटलोडर कंपनी उघडू देते का आणि अपडेट किती वर्षं देणार. गुगलच्या पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये सात वर्षांचं वचन दिलं गेलं, तेव्हा इतरांनाही मुदत वाढवावी लागली.

रॉम टाकल्यावर नेटवर्क गेलं. दुकानदार म्हणतो, ‘सॉफ्टवेअर मारून नवा आयएमईआय टाकून देतो.’ आणि मुळात हे सगळं कायद्यात बसतं का?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

आधी दुसरं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे, पण हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. स्वतःच्या फोनवर खुला कोड बसवण्यात तसा हेतू मला दिसत नाही. अमेरिकेत तर फोनच्या जेलब्रेकला २०१० पासून स्पष्ट सूट आहे.

आयएमईआयचं, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचं, मात्र वेगळं. दुकानदाराला नाही म्हणा आणि फोन परत घ्या. आयएमईआय बदलणं २०१७ च्या नियमांनी बंद आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याने टाकलेला क्रमांक एखाद्या चोरीच्या फोनचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

तुमचा मूळ क्रमांक बहुधा फोनमधला ईएफएस हा कप्पा पुसला गेल्यामुळे दिसेनासा झाला आहे. रॉम टाकण्याआधी रिकव्हरीतून त्याचा बॅकअप घेतला असेल तर तो परत टाका. नसेल तर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकून पाहा. तेवढ्यानेही न आल्यास बिल आणि खोका घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जा. नेटवर्क आल्यावर *#०६# दाबा आणि दिसणारा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग ‘केवायएम’ ही तीन अक्षरं इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात तुमच्याच कंपनीचं आणि मॉडेलचं नाव यायला हवं.